औषधांची पिशवी

चार दिवस झाले, आई मला "ताई" म्हणत होती. रात्री दोनला उठून दूध तापवायला निघायची. आम्ही मनाशी ठरवूनच टाकलं होतं, 78 वर्षं झाली, आता असंच चालायचं.

आज डॉक्टरांनी आधी विचारलं, "घरातली सगळी औषधं आणलीत का?" बाबांनी कापडी पिशवी टेबलावर रिकामी केली. त्यात बीपीच्या गोळ्यांची दोन पाकिटं. दोन वेगळ्या डॉक्टरांनी दिलेली, नावं वेगळी, आत औषध एकच: क्लोरथॅलिडोन. लघवीवाटे पाणी आणि मीठ बाहेर काढणारं. म्हणजे महिनाभर दुप्पट डोस! रक्तातलं सोडियम (मिठातला घटक) 135 ते 145 हवं, आईचं 121 निघालं, म्हणूनच ती अशी बरळत होती. ते हळूहळूच वाढवावं लागतं, घाई केली तर मेंदूला इजा होऊ शकते. म्हणून अ‍ॅडमिट केलंय.

मला राहून राहून बाबांचे हात दिसतायत. 82 वर्षांचे. रोज सकाळी न चुकता दोन्ही गोळ्या वाटीत काढून देणारे. "मीच दिल्या गं," एवढंच म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. त्यांचा काय दोष? पाकिटावरची ती बारीक अक्षरं मलासुद्धा धड वाचता येत नाहीत. आणि त्यांची झोप होते का, हे तरी आम्ही कधी विचारलं?

घरातलं म्हातारं माणूस दोन-चार दिवसांत अचानक बरळायला लागलं, तर कृपा करून "वय झालं" म्हणू नका. त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या, औषधांच्या पिशवीसकट.

बाबांना आत्ता घरी पाठवलंय, जेवून झोपायला. आईपाशी मी आहे.