देवणी बैलाचे चार पाय

सोमवार

मे महिन्यात लातूरला मातीचं काम पहाटेच. साडेपाचला सुरू, नवाच्या आत बैलाचं धड उभं. दहानंतर खिडकीतून गरम झळ यायला लागते आणि हातातल्या मातीची कड बघता बघता पांढरी पडते. पोळा श्रावण अमावास्येला असला तरी पोळ्याचे मातीचे बैल आत्ताच घडवून, भाजून ठेवलेले बरे. आषाढात हवा ओली झाली की जाड धडातली ओल निघता निघत नाही.

देवणी जातीचा हा बैल भाजून झाल्यावर १५ सेंमी उंच हवा. ही स्टोनवेअर (जास्त आचेला दगडासारखी घट्ट होणारी) माती ओलीपासून १२२० अंशांपर्यंत १२ टक्के आकसते. म्हणजे १५ भागिले ०.८८, ओला बैल १७ सेंमीचा. प्रत्येक नव्या गोणीची एक पट्टी करून तिच्यावर १० सेंमीची रेघ मारायची आणि भाजल्यावर ती मोजायची. पाकिटावरच्या आकड्यापेक्षा ही रेघ जास्त खरी. मळताना आपण किती पाणी घालतो, त्यावरही आकसणं बदलतं.

एका बैलाला सव्वा किलो माती लागते. साडेतीनशे ग्रॅमचे दोन गोळे, अंगठ्याने दाबून दोन खोल वाट्या, भिंत ७ मिमी. तोंडाला तोंड लावून जोडल्या की आत हवा कोंडते, आणि त्या हवेमुळेच लाकडी पट्टीने थापटून पोटाला आकार देता येतो. म्हणून भोक लगेच पाडायचं नाही. आधी पाठीचा कणा, बरगड्यांचा फुगार, मांड्यांचा भाग काढून घ्यायचा आणि मग पोटाखाली दाभणाने भोक पाडायचं.

वशिंड वरून गोळा चिकटवून करू नये. पातळ पाठीवर मातीचा भरीव गोळा बसला की पाठ आधी सुकते, गोळा मागे राहतो आणि त्याच्या भोवती गोल चीर जाते. वाट्या जोडायच्या आधीच, आतून बोटाने माती वर ढकलून वशिंड काढावं. बाहेर उंचवटा, आत खोलगट, जाडी सगळीकडे तीच. मानेचंही तसंच. मान पोकळ ठेवून तिची पोकळी धडाच्या पोकळीला जोडायची. डोकं भरीव राहिलं तर भट्टीत सगळ्यात आधी तेच फुटतं.

आत कोंडलेल्या हवेने मूर्ती फुटते असं बरेच जण शिकवतात. हवा फोडत नाही, वाफ फोडते. पूर्ण सुकलेली बंद पोकळी भट्टीतून सहीसलामत निघू शकते आणि ओला भरीव गोळा फुटतो. भोक ठेवायचं ते त्या पोकळीतली ओल बाहेर यावी म्हणून.

मंगळवार

आज पाय. सगळ्यात जास्त वेळ यांनाच द्यायचा.

ओला पाय ८ सेंमी लांब, वर २ सेंमी जाड, खुराकडे निमुळता. चारही पायांची माती एकाच गोळ्यातून आणि वजन करून घ्यायची. एक पाय मऊ नि दुसरा घट्ट असेल तर जोडताना बैल सरळ दिसतो, सुकला की मऊ पाय जास्त आकसतो आणि बैल त्या बाजूला कलतो. पाय वळून तासभर कापडाखाली ठेवले की स्वतःचा भार पेलण्याइतके घट्ट होतात. तोवर धड वर्तमानपत्राच्या दोन गुंडाळ्यांवर आडवं टेकवून ठेवायचं.

जोडताना दोन्ही बाजूंना हॅकसॉच्या ब्लेडच्या तुकड्याने आडवेतिडवे खोल ओरखडे काढायचे आणि त्याच मातीची दाट पातळी (पाण्यात कालवलेली लापशीसारखी माती) लावायची, हवं तर दोन थेंब व्हिनेगर घालून. पाय दाबून थोडा फिरवायचा, तो अडकल्यासारखा वाटला की थांबायचं. मग सांध्याभोवती मातीची बारीक वळी फिरवून ती वर आणि खाली, दोन्हीकडे पसरवायची. सगळ्यात महत्त्वाची मांडीची आतली बाजू. तिथे बोट नीट पोचत नाही, म्हणून चीर नेहमी तिथेच निघते. बांबूच्या काडीचं टोक गोल घासून घेतलं तर ते तिथवर जातं.

चारही पाय बसल्यावर खुराकडून दाभण सरळ वर, धडाच्या पोकळीत निघेपर्यंत घालायचं. पायाच्या मधली ओल निघायला वाट होते, धडालाही चार वाटा मिळतात, आणि खालून असल्याने त्या दिसत नाहीत.

मानेखालची पोळी म्हणजे ४ मिमीची पट्टी, ती नेहमी मानेपेक्षा आधी सुकू बघते. शिंगं आणि कान सगळ्यात शेवटी. देवणीचे कान लोंबते. ते गालाला हलके टेकवून ठेवले तर मोडत नाहीत आणि जातीलाही शोभतं. शिंगं बाजूंनी निघून बाहेर आणि वर वळणारी, म्हणजे मोडायला सगळ्यात सोपी. त्यांच्या बुडाशी माती जरा सढळ ठेवावी. मराठवाडी म्हैस याबाबतीत सोयीची. तिची शिंगं मानेला समांतर मागे जातात आणि खांद्यापाशी थांबतात, त्यामुळे दोन ठिकाणी अंगाला टेकवता येतात. शिकणाऱ्याने पहिलं जनावर म्हणून म्हैस घ्यावी असं मला मनापासून वाटतं.

बुधवार

सुकवण. हातांना काम नाही, पण बैल टिकणार की तडकणार हे आज आणि उद्या ठरतं.

माती नुसती सुकतानाच सुमारे ६ टक्के आकसते. म्हणजे ८ सेंमीचा पाय जवळपास ५ मिमी आखूड होतो. पाय सुकला आणि पोट ओलं राहिलं तर त्या फरकाचा सगळा ताण सांध्यावर येतो. इथल्या कोरड्या उन्हाळ्यात हा फरक दोन-तीन तासांत पडतो. त्यामुळे बारीक भाग अडवून ठेवायचे आणि जाड भाग मोकळे सोडायचे. शिंगं, कान, शेपटाचा गोंडा यांना प्लॅस्टिकच्या पट्ट्या गुंडाळायच्या. पायांभोवती सैल पिशवी. पाठ आणि पोट उघडं. सगळ्यावर पालथी बादली, तिच्याखाली एका कडेला काडी घालून बोटभर फट.

दुसरी गोष्ट खुरांची. बैल लाकडी फळीवर थेट उभा केला तर ओले खूर चिकटतात. धड आकसून पाय आत ओढायला बघतं, खूर हलत नाहीत, आणि तडा पुन्हा मांडीत. खुरांखाली वर्तमानपत्राचा कागद ठेवला की तो मातीबरोबर सरकतो.

कूलरच्या खोलीत हवा ओलसर असते, ती सुकवणीला चांगली. पण कूलरच्या झोतात बैल ठेवायचा नाही. झोताकडची बाजू आधी आकसते आणि जनावर तिकडे मान वळवून बसतं. पंखा बंदच हवा.

सुकला की नाही हे गालाला लावून बघतात. गार लागलं तर आत ओल आहे. मला स्वयंपाकघरातला वजनकाटा जास्त भरवशाचा वाटतो. रोज सकाळी वजन लिहायचं, दोन दिवस आकडा तोच आला तर भट्टीत जायला हरकत नाही.

गुरुवार

लाल कंधारीची माती वेगळी. त्या जातीचा गडद तांबडा रंग लोहयुक्त मातीला १००० अंशांपाशी आपोआप येतो. तीच माती १२०० ला नेली तर चॉकलेटी होते आणि कंधारी कंधारी राहत नाही. म्हणून कंधारी टेराकोटात आणि देवणी स्टोनवेअरमध्ये.

आपली काळी माती बेसाल्टची झीज. भाजली की तीही तांबडी होते, पण एकटी चालत नाही. पाणी पिऊन ती फुगते आणि सुकताना भेगाळते, हे इथल्या कोणत्याही रानात उन्हाळ्यात दिसतं. मूर्तीतही तेच होणार. म्हणून तलावातला या मातीचा गाळ निम्मा, बॉल क्ले (बारीक कणांची, सहज वळणारी माती) ३० टक्के आणि चाळलेला विटांचा चुरा २० टक्के. चुऱ्यामुळे आकसणं कमी होतं आणि ओल निघायला वाट मिळते. कुंभार लीद नि राख घालतात ती याच कामासाठी.

गाळ आधी पूर्ण वाळवायचा, मग पाण्यात टाकायचा. वाळलेलं ढेकूळ पाण्यात लगेच विरतं, अर्धवट ओलं तसंच राहतं. नंतर ६० मेशच्या चाळणीतून गाळायचं, ते चुनखडीच्या खड्यांसाठी. संडास साफ करायच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब मातीवर टाकले आणि फसफसलं तर चुना आहे. गावच्या आव्याचं तापमान बऱ्याचदा ८०० च्या आसपासच राहतं, तिथे चुनखडी फारशी बदलत नाही. विजेच्या भट्टीत १००० ला तिचा कळीचा चुना होतो. तो हवेतली ओल घेऊन फुगतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी बैलाच्या पाठीवरून टिकली उडते, खाली पांढरा ठिपका. आव्यात टिकलेली माती आपल्या भट्टीत का फुटली, याचं उत्तर हे. शंका असेल तर भट्टीतून निघालेली टेराकोटा कोमट असतानाच पाण्यात पूर्ण बुडवून ठेवावी. चुना तिथेच विरतो, बराचसा धोका टळतो.

साच्याच्या प्लॅस्टरचा कण मातीत गेला तरी अशीच टिकली उडते. साच्याचं टेबल आणि मातीचं टेबल वेगळं हवं. साच्याला १ किलो प्लॅस्टरला ७०० मिली पाणी. दोन साच्यांत दाबून दोन अर्धी जोडण्याची रीत या भागाला नवी नाही. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला सातवाहन काळातल्या केओलिनच्या (पांढऱ्या चिनी मातीच्या) मूर्ती अशाच दुहेरी साच्यातल्या आहेत. तिथल्या लामतुरे संग्रहालयात जाऊन त्या लहान मूर्तींच्या कडा आणि जाडी निरखून बघाव्यात, फार शिकायला मिळतं.

पाण्याचं थोडं. बोअरच्या जड पाण्यातले क्षार सुकताना पृष्ठभागावर येतात आणि भाजल्यावर लाल मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं, विशेषतः शिंगांच्या टोकांना. शेवटचा स्पंज तरी पावसाच्या साठवलेल्या पाण्याचा असावा. हात धुतलेलं पाणी मोरीत ओतायचं नाही. तीन बादल्या ओळीने ठेवायच्या, गाळ खाली बसतो, वरचं पाणी पुन्हा कामाला. लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. इथे मातीकाम करणाऱ्याने एवढं पाळलंच पाहिजे.

आणि टेबल झाडायचं नाही, ओल्या फडक्याने पुसायचं. कोरड्या मातीच्या धुळीतली सिलिका फुप्फुसात बसते ती निघत नाही. खरवडताना एन९५ मास्क.

शुक्रवार

पहिली भाजणी. भट्टी ३ किलोवॅटची, २३० व्होल्टला १३ अँपिअर घेते. वायर स्वतंत्र, ४ चौरस मिमी तांब्याची, २० अँपिअरचा एमसीबी, अर्थिंग तपासलेलं.

९० अंशांपर्यंत तासाला ४०, तिथे तीन तास थांबा, झाकणाचं भोक उघडं. तिथून ६०० पर्यंत तासाला १००. मातीच्या कणांत बांधलेलं पाणी साधारण ३५० ते ६०० मध्ये निघतं, आणि ५७३ ला क्वार्ट्ज एकदम प्रसरण पावतो. जाड मान आणि पातळ कान असलेल्या जनावराला इथे घाई सोसत नाही. पुढे तासाला १२० करत १००० पर्यंत. सगळं मिळून तेरा तासांच्या आसपास.

वीज गेली तर झाकण उघडायचं नाही. भट्टी आपल्या आप हळू निवते आणि वीज आली की पुन्हा त्याच गतीने वर न्यायची. पहिल्या भाजणीत यात काही बिघडत नाही. कमी व्होल्टेजचा त्रास जास्त. कॉइलची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते. २३० चे २०० झाले तर उष्णता एक चतुर्थांश कमी. उन्हाळ्यात संध्याकाळी सगळे कूलर सुरू असताना ग्लेझची (काचेसारख्या लेपाची, दुसरी) भट्टी ११०० ला अडकते ती यामुळे. ग्लेझ रात्री अकरानंतर लावलेलं बरं.

रविवार

ग्लेझ. देवणीतला वानेरा म्हणजे पांढरं अंग आणि काळसर तोंड, शेवरा म्हणजे अंगभर बेढब काळे डाग, बालंक्याचं अंग जवळपास सगळं पांढरं. काळे डाग ग्लेझने काढले तर वितळून पसरतात, शेवऱ्याचा चट्टा पोटावरून ओघळतो. माती ओलसर घट्ट असतानाच, पांढऱ्या मातीच्या पातळीत १० टक्के काळा स्टेन (भट्टीत टिकणारी रंगाची भुकटी) घालून डाग रंगवायचे, आणि आता वरून पारदर्शक मॅट ग्लेझचा पातळ थर. जाड थर डोळे आणि नाकपुड्या बुजवतो. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी, तिला ग्लेझ न लावता नुसता काळा स्टेन जास्त जिवंत दिसतो.

खुरांपासून ३ मिमी वर ग्लेझ पुसून काढायचं. शेल्फला अ‍ॅल्युमिना (भट्टीत न वितळणारी पांढरी भुकटी) आणि केओलिन निम्मे-निम्मे यांचा थर.

१२२० अंशांना स्टोनवेअर माती मऊ होते आणि पोटाचा भार पायांवर येतो. शिवाय बैल दुसऱ्यांदा आकसतो, पाय शेल्फवरून आत सरकायला हवेत, सरकले नाहीत तर फाकतात. यावर एकच खात्रीचा उपाय : त्याच मातीची, पहिल्या भाजणीतली ८ मिमी जाडीची लादी, वर अ‍ॅल्युमिनाची भुकटी, आणि तिच्यावर बैल. लादी आणि बैल बरोबर आकसतात. पोट जड असेल तर त्याच मातीचा ठोकळा पोटाखाली टेकू म्हणून, तोही अ‍ॅल्युमिना लावून. विकत आणलेला पक्का टेकू चालत नाही. तो आकसत नाही आणि बैलाला खालून वर उचलतो.

भट्टी बंद करायची ती कोन ६ (ठरावीक उष्णता लागली की वाकणारा मातीचा सुळका) वाकलेला बघून. मीटरवरचा आकडा पुरेसा नाही. मध्ये अर्धा तास वीज गेली असेल तर मातीला लागलेली उष्णता आकड्यात दिसत नाही, कोनात दिसते.

१०० अंशांच्या खाली आल्यावरच उघडायचं. आधी खूर बघायचे. बैल काचेवर उभा करून डुलतो का ते तपासायचं. डुलला तर लांब पाय कोणता ते कागद सरकवून शोधायचं आणि १२० नंबरच्या पाणकागदावर पाणी घालून तोच खूर घासायचा. पार्सल करताना पायांमधली आणि पोटाखालची जागा आधी कागदाच्या बोळ्यांनी गच्च भरायची, मग शिंगांभोवती, आणि शेवटी सगळ्यावर बबल रॅप. उलट केलं, म्हणजे बबल रॅप आधी आवळला, तर तोच पाय आत दाबून मोडतो.