खालचा उजवा कोपरा

परवा भर दुपारी उड्डाणपुलाखाली बसची वाट बघत उभी होते. समोरच्या खांबाला परांची बांधलेली. तिच्यावर एक मुलगा उकिडवा बसून तांबट पक्ष्याची छाती रंगवत होता. खाली एक मुलगी दह्याच्या रिकाम्या डब्यांत रंग कालवून त्याला वर देत होती. तांबट म्हणजे मुंबईचा अधिकृत पक्षी, मुठीत मावेल एवढा; इथं तो दुमजली झाला होता. बसस्टॉपवरचे सगळे माना वर करून बघत होते. मी तेवढी वाकून खांबाचा खालचा उजवा कोपरा न्याहाळत होते. सही झालीय का?

नव्हती. चित्र पुरं व्हायचं होतं.

ही खोड जुनी आहे. प्रदर्शनाला गेले तरी आधी कोपरा, मग चित्र. दुकानाची पाटी असो, ट्रकच्या मागचा मोर असो, बँडवाल्याच्या गाडीवरचा ताजमहाल असो, कुणी काढलाय ते कळल्याशिवाय मला तो नीट दिसतच नाही. घरचे वैतागतात. "अगं, दुकानात शीर आधी" असं नवऱ्यानं पाटीखाली ओणवं झालेल्या मला कितीदा म्हटलं असेल.

याचं मूळ कराडकडच्या आमच्या घराच्या भिंतीत आहे. घराची एक बाजू यष्टीच्या रस्त्याला लागून होती. लांबलचक, खिडकी नसलेली भिंत. जाहिरातवाल्यांना अशा भिंतीचा वास येतो. एके उन्हाळ्यात सायकलला शिडी आडवी बांधून, हँडलला डालड्याचे डबे लटकवून एक पेंटर दारात उभा राहिला. जाहिरात विडीची होती. आजीनं उंबऱ्यावरूनच हात हलवला. समोर मारुतीचं देऊळ, त्याच्या तोंडावर विडी? जमायचं नाही. पेंटर हसला आणि निघून गेला. आठवड्यानं पुन्हा आला. "आज्जी, आता दंतमंजन हाय."

दंतमंजनाला मारुतीची हरकत नव्हती. आजीनं मात्र सौदा केला. भिंतीचं भाडं वगैरे तिला ठाऊक नव्हतं. तुम्ही एकाच भित्ताडाला चुना मारणार, मग उरलेली तीन काय उघडी-बोडकी ठेवणार व्हय रं पोरा? शेवटी दोन भिंतींवर तडजोड झाली. दुसरी भिंत न्हाणीची. तिला चुना मारताना पेंटर काय पुटपुटत होता ते आम्ही ऐकलं, पण आजीला सांगितलं नाही.

मग खरं काम सुरू झालं. निळीत भिजवलेली दोरी दोन खिळ्यांना ताणून त्यानं मधोमध चिमटीत धरली आणि सोडली. फट्. पांढऱ्या भिंतीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी रेघ. आम्हा पोरांचा श्वास अडकला. अशा दोन रेघा वर, दोन खाली. मग पावलं टाकून त्यानं भिंत मोजली, बोटांवर काहीतरी हिशेब केला आणि थेट भिंतीच्या मधोमध शिडी लावली. मी तेव्हा नुकती वाचायला शिकले होते. आता 'दं' येणार म्हणून डावीकडे जाऊन उभी राहिले, तर हा बाबा मध्येच 'मं' काढून बसला. मग त्याच्या डाव्या अंगाला 'त', उजव्या अंगाला 'ज'. जेवणाच्या सुट्टीपर्यंत आमच्या भिंतीवर नुसतं 'तमंज' होतं आणि गल्लीतली झाडून सगळी पोरं 'तमंज, तमंज' करत देवळाभोवती पळत होती. दुपारी डावीकडे 'दं' आला, उजवीकडे 'न' आला, तेव्हा कुठं शब्द भिंतीत बरोबर मध्यावर बसलाय हे कळलं. दोन्हीकडं सारखी जागा. हाताखाली एक काठी, काठीच्या टोकाला चिंध्यांचा गोळा. तो भिंतीला टेकवून त्यावर मनगट ठेवायचं आणि कुंचला फिरवायचा. हात कापला म्हणून कधी दिसलं नाही. शिरोरेघ अगदी शेवटी. तोवर अक्षरं बोडकी, एकमेकांशी ओळख नसल्यासारखी उभी.

सगळं झाल्यावर त्यानं बारका ब्रश काढला. 'न'च्या कान्याखाली, गटाराच्या वर हातभर, इतक्या खाली की त्याला मांडी घालून बसावं लागलं, तिथं त्यानं लिहिलं: पेंटर अमुक, मुक्काम पोस्ट तमुक. नाव मला पाठ आहे. इथं लिहीत नाही; त्यानं जिथं लिहायचं तिथं लिहिलं होतं. या ओळीला कंपनीनं पैसे दिले नसणार. पण त्या दिवशीचा त्याचा चेहरा त्या एका ओळीपुरता वेगळा होता. दंतमंजन लिहिताना तो शीळ घालत होता, नाव लिहिताना गप्प.

पुढं कित्येक वर्षं आजी त्या भिंतीला टेकून, शुभ्र दातांच्या जाहिरातीखाली बसून, मिश्री लावायची. यष्टीतले लोक बघून हसायचे. तिला कळायचं नाही, का कळायचं, देव जाणे.

त्या काळी रंगकामाचा आणि चित्रकलेचा पाट एकच होता, असं मला वाटतं. कोल्हापूरचे बाबूराव मेस्त्री नाटकाचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात गेले, स्वतःच्या सिनेमांची पोस्टरंही रंगवली आणि मेस्त्री हे आडनाव मागं पडून बाबूराव पेंटर झाले. सही करायची गरजच संपली, माणूसच सही. पंढरपुरात जन्मलेले हुसेन मुंबईत पोटासाठी सिनेमाची होर्डिंगं रंगवायचे. तेव्हा मजुरी फुटाच्या हिशेबानं. पुढं त्याच हाताची कोपऱ्यातली देवनागरी सही असली की चित्राच्या किमतीला किती शून्यं लागायची ते सगळ्यांना माहीत आहे.

वांद्र्याला रेक्लमेशनजवळ एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके आहेत. आख्खी भिंत व्यापून. मुंबईत राहणाऱ्या प्रत्येकानं गाडीतून जाता-येता ते पाहिलेत. 2014 साली ते रंगवणारा रणजीत दहिया मूळचा हरियाणातल्या सोनिपतकडचा. चित्रकलेच्या कॉलेजात जाण्याआधी तो लोकांच्या घरांना चुना मारायचा. मला ही गोष्ट फार आवडते. फाळकेही जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले, पुढं राजा रविवर्म्याच्या छापखान्यात काम केलेले. म्हणजे रंगाचा डबा हातात घेतलेल्यानं रंगाचा डबा हातात घेतलेल्याला रंगवलं. टेलिफोनच्या इमारतीवर का, ते विचारू नये. सरकारी इमारतीला एवढी मोठी कोरी बाजू असते, हेच पुरेसं कारण.

तुळशी पाइप रोडची रेल्वेची भिंत आठवते का? 2009 साली तिथं म्हणाल त्याला भिंत मिळत होती. या, तुकडा घ्या, रंगवा. कॉलेजातली पोरं, नोकरदार, आईबापाच्या कडेवरची मुलं, शेकडो लोक पावसाळ्यात रंग घेऊन आले. त्या सुमाराला मी दादरहून माहीमपर्यंत ती भिंत चालत वाचत गेले. चित्रं बरी-वाईट होती. काही तर निव्वळ वाईट. फूल काढायला घेतलं आणि पंखा झाला अशी. पण कोपरे! नावं, टोपणनावं, कुणाचं रक्तगटासकट, एका ठिकाणी 'मम्मीला समर्पित'. पलीकडून लोकल धडधडत जायची आणि इकडं भिंतभर माणसं हजेरी लावून गेलेली. पुढच्या पावसाळ्यांनी, राजकीय पोस्टरांनी आणि पानवाल्यांच्या गिऱ्हाइकांनी त्या हजेरीपटाचं काय केलं ते सांगत बसत नाही.

याच्या उलट आपला टायलर. मुंबईच्या भिंतींवर स्टेन्सिल मारून जातो, सरकारला, समाजाला, आपल्या सगळ्यांना चिमटे काढतो आणि कोण आहे ते कुणाला ठाऊक नाही. नाव टायलर, पण ते नाव म्हणजे बुरखा. त्याचं खरं आहे. 1995चा मालमत्ता विद्रूपणाचा कायदा आहे; विचारून रंगवलं तर कला, न विचारता रंगवलं तर गुन्हा. फक्त हा कायदा भावी नगरसेवकाच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सला दिसत नाही. उच्च न्यायालय वर्षानुवर्षं कान उपटतंय, आणि चौकात दादांचे, भाईंचे, आप्पांचे दात तितक्याच शुभ्रतेनं चमकताहेत.

फ्लेक्सवर सह्याच सह्या असतात, हे तुमच्या लक्षात आलंय का? शुभेच्छुक म्हणून खाली चाळीस मुंडकी, प्रत्येकाचं नाव, हुद्दा, मित्रमंडळ. ज्यानं रात्री दोनपर्यंत बसून ही चाळीस मुंडकी कापून चिकटवली त्याचं नाव मात्र औषधालाही नाही. फार तर छापखान्याचा मोबाइल नंबर, तोही खिळ्यात गेलेला.

आणि वारली. आता महाराष्ट्रात असा उड्डाणपूल दाखवा ज्याच्या खांबावर तारपा नाच नाही. स्वच्छ शहराची स्पर्धा आली की महापालिका गेरू रंगाचे डबे उघडते. ही मुळात लग्नघराच्या भिंतीवरची कला. गेरूनं सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठानं बाया चौक लिहीत. खाली नाव घालायची रीतच नाही, कारण ते पूजेचं काम. ते चित्र कागदावर आणून जगभर नेणारे जिव्या सोमा म्हसे डहाणूकडचे; 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2018 साली ते गेले. आज खांबाखांबावर नाचणाऱ्या त्या त्रिकोणी माणसांखाली ना कुणा वारल्याचं नाव, ना रंगवणाऱ्या पोराचं. शेजारी पाटी असते: अमक्यांच्या निधीतून, तमक्यांच्या प्रयत्नांतून, सुशोभीकरण. पाटी ग्रॅनाइटची. चित्रापेक्षा जास्त टिकणारी.

सहीचा सगळ्यात बेफिकीर वापर अर्थात गडांवर होतो. बदाम, बाण आणि दोन नावं. तिथं चित्र नाममात्र, सही हाच ऐवज. त्यांच्याविषयी मला एरवीची माया वाटत नाही. तटबंदीवर खिळ्यानं कोरणाऱ्याला मी शिक्षा म्हणून चुन्याची बादली देऊन आमच्या न्हाणीच्या भिंतीवर पाठवीन.

हनीफ कुरेशीचं नाव काढल्याशिवाय हा विषय पुढं जाणार नाही. गुजरातचा मुलगा, लहानपणी पाट्या रंगवणारा पेंटर व्हायचं होतं त्याला. बडोद्याला शिकला, जाहिरातीत गेला, पुढं सोबत्यांबरोबर स्टार्ट इंडिया फाउंडेशन ही रस्त्यावरच्या भिंती रंगवणारी संस्था काढली. आपल्याकडं ससून डॉकला 2017 साली जे चित्रांचं प्रदर्शन झालं ते त्यांचंच. 1875 सालची गोदी, बर्फाच्या गाड्या, कोळणींच्या पाट्या, सुरमईचा वास आणि त्यात जगभरचे चित्रकार. एरवी नाकाला रुमाल लावून लांबून जाणारे लोक रांगा लावून आत गेले. पण मला हनीफ आवडतो तो त्याआधीच्या कामासाठी. फ्लेक्सनं पेंटरांचं काम हिरावलं तेव्हा तो त्यांना गाठून त्यांच्याकडून ए टू झेड रंगवून घ्यायचा आणि त्यांच्या अक्षराचा कॉम्प्युटरवर फाँट करायचा. आणि फाँटचं नाव? पेंटर कफील. पेंटर उमेश. फाँट विकला गेला की पैशांत पेंटरचाही वाटा. कोपऱ्यातली सही उचलून त्यानं मथळ्यात नेऊन ठेवली. 2024 साली, चाळिशी नुकती उलटलेली असताना तो गेला. बातमी वाचली तेव्हा मला आमचा शिडीवाला आठवला. त्याच्या 'मं'चा फाँट करायला कुणी आलं नाही.

हां, तर ते तांबट. बस येईना म्हणून मी त्या रंग कालवणाऱ्या मुलीला विचारलं, सही कुठं करणार? ती म्हणाली, "करणार ना काकू, इन्स्टाचं हँडल टाकणार. मोठं टाकायला परवानगी आहे." आणि पैसे? ती हसली. रंगाचा खर्च मिळतो, नाश्ता मिळतो, सर्टिफिकेट मिळतं. एक्स्पोजर मिळतं. परांचीवाला मात्र रोज सकाळी आपली मजुरी वाजवून घेतो, असं वरून तो मुलगा म्हणाला. तोंडात ब्रश असल्यामुळं तो चिडून म्हणाला की गमतीनं, ते कळलं नाही.

आमच्या पेंटरला फुटावर मजुरी मिळायची आणि सही तो आपल्या मर्जीनं, फुकटात करायचा. या पोरांना सही मिळते. मजुरी?

आमच्या सोसायटीच्या मागच्या भिंतीवरही यंदा चित्र काढून घ्यायचं ठरतंय. सर्वसाधारण सभेत मोर की निसर्गदृश्य यावर पाऊण तास चर्चा झाली. जोशीकाकांना मोर चालेल, पण पिसारा मिटलेला. नाहीतर पार्किंगकडे पाठ येते म्हणाले. कॉलेजची मुलं हौसेनं करून देतात, त्यांनाही प्लॅटफॉर्म मिळतो, असं सेक्रेटरी म्हणाले. मी उठून पैशांचं विचारलं. तो विषय अध्यक्षांच्या परवानगीनं ऐनवेळच्या विषयांत घेऊ, असं ठरलं. ऐनवेळचे विषय आले तेव्हा वडे आले होते.