आमची वाटचाल : शटरपासून सेन्सरपर्यंत

वडिलांनी पुण्यात कॅमेरा दुरुस्तीचं दुकान टाकलं, तेव्हा गिऱ्हाईक यायचं ते अडकलेलं शटर घेऊन, नाहीतर सेल फुटून गंजलेलं बॅटरीचं घर घेऊन. यशिका, पेंटॅक्स, अधूनमधून एखादा क्लिक थ्री. धुळीची तक्रार क्वचितच. फिल्मच्या कॅमेऱ्यात दर फोटोला नवी फिल्म पुढे सरकते, तिच्यावर बसलेला कण तिच्याबरोबरच निघून जातो. डिजिटलमध्ये फिल्मच्या जागी प्रकाश टिपणारा सेन्सर, आणि तो दर फोटोला तोच. एकदा कण चिकटला की अख्ख्या लग्नाच्या अल्बमात एकाच जागी ठिपका!

लग्नवाल्यांच्या हाती डीएसएलआर, म्हणजे लेन्समागे आरसा असलेले डिजिटल कॅमेरे आले आणि आमचं काम बदललं. सेन्सरला हात लावायला जो तो घाबरायचा. खरं तर पुसली जाते ती सेन्सरपुढच्या फिल्टरची काच. पण तिच्यावर चरा पडला तरी खर्च मोठाच, त्यामुळे भीती अगदीच खोटी नाही.

कॅमेरा आला की आधी एफ 22 ला, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून, फोकस घालवून, पांढऱ्या भिंतीचा फोटो काढतो. एफ 4 च्या मोठ्या छिद्राला न दिसणारे ठिपके इथे ठळक दिसतात. फोटोत डावीकडे वर दिसणारा ठिपका, लेन्स काढून समोरून बघताना डावीकडेच पण खाली सापडतो. मग बॅटरी पूर्ण चार्ज, आरसा वर, कॅमेऱ्याचं तोंड खाली आणि रबरी ब्लोअर. बरीच कामं इथेच संपतात. ब्लोअरवर भागत असेल तर ओला स्वॅब, म्हणजे सेन्सर पुसायची चपटी काडी, लावायचा नाही, हा आमचा नियम; त्यात धंदा थोडा बुडतो, बुडू दे. तोंडाने फुंकर मारून आलेल्यांचं मात्र भागत नाही, थुंकीचे डाग धुळीपेक्षा चिवट.

आणि जेजुरी! सोमवतीनंतर येणारे कॅमेरे दुरूनच ओळखू येतात, फटीफटीत पिवळे. हळद बारीक, त्यात तेलकट. ब्लोअरने हलते, निघत नाही. फुल फ्रेम सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा, म्हणून स्वॅब 24 मिलिमीटर रुंदीचा घ्यायचा. सेन्सर पुसायच्या द्रवाचे दोन थेंब, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच ओढ, स्वॅब उलटून परत एक, आणि तो टाकून द्यायचा. घासत बसलं की पिवळा पट्टा उठतो.

आता मिररलेस आले. आरसा नाही, लेन्स काढली की बहुतेकांत सेन्सर उघडाच. थरथर रोखणाऱ्या बॉडीत तो तरंगता असतो, म्हणून हात आणखी हलका लागतो.

दरपत्रकात भंडाऱ्याची ओळ आम्ही वेगळी ठेवली आहे. त्यावरून घासाघीस होते. पण नुसता सेन्सर पुसून कॅमेरा दिला, तर माउंटच्या, म्हणजे लेन्स बसते त्या कड्याच्या, खाचेत आणि लेन्सच्या मागच्या कडेला राहिलेली हळद पुढच्याच कार्यक्रमात पुन्हा आत उतरते. म्हणून लेन्ससुद्धा सोबत आणा.