गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसचे तेल बदलताना

इंजिनाचे तेल आपण वेळेवर बदलतो, पण गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणारी पेटी) यांच्याकडे आवाज येईपर्यंत कोणी पाहत नाही, आणि खोल पाण्यातून जाणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही हयगय फार महागात पडते. गरम झालेली पेटी पाण्यात शिरून अचानक थंड झाली की आतील हवा आकसते, आणि ब्रीदरची (पेटीतील हवा आत-बाहेर होऊ देणारी) नळी तुंबलेली असल्यास सीलच्या कडेने, तर तुटलेली असल्यास त्या नळीतूनच पाणी आत ओढले जाते.

गेल्या आठवड्यात मी गाडी थोडी फिरवून, तेल कोमट असताना, सपाट जागेवर हे काम केले. आधी तेल भरण्याचा बोल्ट सैल करून पाहावा, हे मी आग्रहाने सांगेन. तो गंजून अडकला असेल आणि तेल आधीच सोडून दिले असेल, तर गाडी जागीच अडकते. ट्रान्सफर केसमधून दुधाळ, चहासारखे तेल आले, म्हणजे पाणी शिरलेच होते. निचऱ्याच्या बोल्टच्या चुंबकावर मात्र केवळ राखाडी, मऊ लेप होता; तशी झीज स्वाभाविक असते, गिअरच्या दातांचे तुकडे दिसले तरच काळजी करावी.

तेलाची निवड माहितीपुस्तिकेप्रमाणेच करावी. जीएल-४ आणि जीएल-५ या गिअर तेलाच्या प्रती आहेत; जीएल-४ सांगितले असताना जीएल-५ घातल्यास त्यातील गंधकयुक्त रसायने गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या पितळी सिंक्रोनायझर रिंगांना अपाय करू शकतात. ट्रान्सफर केसचे तेल अनेकदा वेगळेच असते. नवे वॉशर लावून, भरण्याच्या छिद्रातून तेल ओघळू लागेपर्यंत मी दोन्ही पेट्या भरल्या आणि ब्रीदरची नळीही बदलली.