बायकोच्या हातात कंट्रोलर

नवरा गेम खेळत बसतो आणि बायको वैतागते असं बऱ्याच घरात असतं, आमच्याकडे ही खेळते आणि मी चहा करतो. वैतागत नाही हां, चहा बरा जमतो मला. तर गोरेगावला नेस्कोत गेमिंगचा मोठा एक्स्पो होता, नाशकात असलं काही फारसं होत नाही, मग सकाळची पंचवटी पकडायचं हिने परस्परच ठरवून टाकलं. डब्यात पासवाले काका लोक पेपर वाचतायत आणि ही अख्खा कसारा घाट मला सांगतेय की पुण्याच्या नॉडिंग हेड्स कंपनीने २०२० ला 'राजी' गेम काढला, त्यात ती सर्कशीतली पोरगी राक्षसांशी लढत धाकट्या भावाला, गोलूला शोधत फिरते, आणि असे आपल्या मातीतले गेम अजून का येत नाहीत वगैरे. शेवटी समोरच्या काकांनी पेपर खाली केला, "मग सापडतो का भाऊ?" ही म्हणाली, "ते खेळूनच बघा काका."

हॉलमध्ये अंधार, जांभळे लाईट आणि कान फुटेल असा आवाज. दहा मिनिटांच्या डेमोसाठी तासभर लाईन आणि कोणाची कुरकुर नाही, श्रावणी सोमवारी त्र्यंबकला पण एवढी शिस्त बघितली नाही मी. एक पोरगा फोमशीटचं चिलखत घालून आलेला, हात वाकेना, त्याचा मित्र त्याला वडापाव भरवत होता.

टेकन ८ या मारामारीच्या गेमच्या स्टॉलवर आमचा नंबर आला तर तिथल्या मुलाने कंट्रोलर सरळ माझ्या हातात दिला, "सर, पहिल्यांदा खेळताय का?" मी तो हिला दिला. पुढच्या पाच मिनिटांत समोरचा कॉलेजचा पोरगा दोनदा आडवा झाला, आणि त्याचे मित्र "दीदी एक और" करायला लागले. मी पर्स धरून उभा. खरं सांगतो, भारी वाटत होतं.

मग कोपऱ्यात जुन्या गेमचा टीव्ही दिसला आणि त्यावर काँट्रा! सुरुवातीला वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए अशी बटणं दाबली की ३० लाईफ, बोटांना सगळं पाठ. त्यावरही हिचं ज्ञान चालू, की हा कोड मुळात १९८६ च्या ग्रेडियसमधला, टेस्टिंग करताना हाशिमोतो नावाच्या प्रोग्रॅमरला स्वतःचाच गेम झेपेना म्हणून त्याने टाकला. बिचारा. आम्ही दोघं खेळायला बसलो. धबधब्याच्या लेव्हलला पुढचा वर चढला की मागे राहिलेला स्क्रीनच्या खाली जाऊन मरतो, आणि ही काय थांबते होय.

"अगं थांब ना!"

"अरे उडी मार, बोलतोस काय!"

मागून एक दहाएक वर्षांचा पोरगा म्हणाला, "काका, तुम्ही उठता का? मी खेळतो ताईंबरोबर."