बाराचे चार

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

दादानं दुपारी फोटो पाठवला. खाली फक्त "ओळख पाहू." निळ्या रेघांची वही, वर जांभळ्या स्केचपेननं "टॉप ४०", म्हणजे इंग्लंडात दर आठवड्याला सर्वांत जास्त खपलेल्या चाळीस गाण्यांचा चार्ट, आणि खाली माझं अकराव्या वर्षीचं अक्षर, उजवीकडं कललेलं, जणू कुणीतरी मागून ढकलतंय. पश्चिम लंडनमधल्या हेसच्या आमच्या जुन्या घरात, माळ्यावरच्या खोक्यात सापडली म्हणे. त्याच खोक्यात पितळी समई आणि बाबांचे इन्कम टॅक्सचे कागद. मी एक हसरा चेहरा पाठवला आणि कामाला लागले.

संध्याकाळी कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता फोटो मोठा करून पाहिला. १९८२चा वसंत. चौथ्या नंबरवर 'एव्हर सो लोनली', बँडचं नाव मॉन्सून. पुढं चांदणी काढलेली. पाहिलं आणि काहीतरी टोचलं. हल्ली कुठल्याही आठवड्याचा चार्ट दोन मिनिटांत काढता येतो, तसा काढला. ते गाणं बारा नंबरच्या वर कधी गेलेलंच नाही. बारा! माझ्या वहीत चार.

आधी वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल. पण रविवारी पाच वाजता बीबीसीच्या रेडिओ वनवर निवेदक टॉमी व्हान्स चाळीसपासून एकपर्यंत उतरत यायचा, एकेक पायरी, नंबर खणखणीत सांगत. बाराच्या जागी चार ऐकू यायला त्याला मधली आठ गाणी गिळावी लागली असती. मग खरी यादी आणि वही शेजारी शेजारी ठेवली. तीस वर्षं ऑडिटमध्ये काढलेल्या बाईला पुढचं दिसायला फार वेळ लागला नाही. खऱ्या यादीत चार ते अकरावर असलेली आठ गाणी माझ्या वहीत पाच ते बारावर आहेत. प्रत्येकाला नेमकी एक पायरी खाली सरकवलेली. तेरापासून पुढं सगळं जिथल्या तिथं. खाडाखोड नाही. म्हणजे आधी कुठंतरी कच्चं लिहिलं असणार आणि मग वहीत पक्कं उतरवलं असणार. लोकांचे हिशेब तपासताना मी असल्या गोष्टीला चूक म्हणत नाही.

कुणासाठी केलं मी हे? वही कुणी वाचत नव्हतं. आईबाबा तर नाहीच. दादाला तेव्हा फक्त हेवी मेटल. शाळेत नेलेली मला आठवत नाही. दुसऱ्याला फसवण्यात निदान काही मिळकत असते. इथं फसवणारी मी, फसणारी मी, आणि साक्षीदार एक जांभळं स्केचपेन.

तो गुरुवार मात्र आठवतो. टीव्हीवर गाण्यांचा कार्यक्रम 'टॉप ऑफ द पॉप्स' लागलेला, आणि त्या धुरात, त्या लाल-निळ्या दिव्यांत एक मुलगी साडी नेसून उभी. कपाळाला टिकली. खाली तबला-सतार, वर इंग्रजी शब्द. मॉन्सूनची गायिका शीला चंद्रा, वय सतरा. तिला आम्ही 'ग्रेंज हिल' या शाळेवरच्या मालिकेत पाहिलेलं होतं, पण तिथं ती शाळेच्या गणवेशातली. ही वेगळी होती. बाबांनी पेपर खाली घेतला, ही घटनाच होती. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, अर्धं मिनिट पाहिलं आणि म्हणाली, "निऱ्या कुणी घातल्यात तिच्या?" आणि पोळी करपेल म्हणून परत गेली.

दुसऱ्या दिवशी शाळेत पुढच्या बाकावरचीनं मागं वळून विचारलं, ती काल टीव्हीवर होती ती तुझी कोण? खवचटपणे नव्हतं ते. तिला खरंच वाटलं असणार, की एवढ्या मोठ्या देशात साडीवाल्या मोजक्याच, तर एकमेकींच्या कुणीतरी असतीलच. मी म्हणाले, कझिन.

इंग्रजीत कझिन म्हटलं की चुलत, मामे, आते, मावस सगळं त्यात खपतं. मी मनात मावसबहीण ठरवून टाकली. मावशी लांबची, चंद्रांकडं दिलेली.

आता एकदा मावसबहीण म्हटल्यावर तिचं बारावर अडकून कसं भागणार?

हे लिहिलं आणि वाटलं, सापडलं उत्तर. पण नाही. त्या मुलीनं वही मागितलीच नसती, तिला चार्टशी काही देणंघेणं नव्हतं, तिला घोडे आवडायचे. मग परत तेच. कुणासाठी?

आदल्या वर्षीचीही पानं पाठव म्हटलं दादाला. त्यानं पाठवली, कपाळाला हात मारणाऱ्या बाहुल्यासकट. १९८१, फेब्रुवारी-मार्च. तिथं मी प्रामाणिक आहे आणि ते पाहून जास्तच वाईट वाटलं. अल्ट्राव्हॉक्स बँडचं 'व्हिएन्ना' दोन नंबरवर, पुन्हा दोन नंबरवर, चार आठवडे तिथंच. पहिला आठवडा वर जॉन लेननचं 'वुमन', तो जाऊन दोन महिने झाले होते, त्याच्याशी कोण भांडणार. पण पुढचे तीन आठवडे वर जो डॉल्चेचं 'शॅडॅप यू फेस'. पानावर त्याचं नाव इतकं दाबून लिहिलंय की कागदाच्या मागच्या बाजूला उठलं असणार.

लोक अजून सांगतात, त्या वर्षी एका विनोदी गाण्यानं एका महान गाण्याची वाट अडवली. माझं दुःख तेवढं उच्च नव्हतं. शाळेच्या मैदानावर ते गाणं इटालियन ढंगाच्या मोडक्या इंग्रजीत, नाकातून, हात हलवत म्हणायचे, आणि म्हणता म्हणता त्याचा इटालियन कधी भारतीय व्हायचा ते कुणालाच कळायचं नाही. मग माझ्याकडं बघायचे. एकदा बाबा मला शाळेत सोडायला आले होते आणि फाटकापाशी कुणाशीतरी बोलत होते, त्या दिवशी तर... जाऊ दे. बाबा हसले होते, एवढंच लिहिते.

गंमत अशी, की हा डॉल्चे ओहायोचा, इटालियन वंशाचा, तिथून ऑस्ट्रेलियात गेलेला. ते गाणं आजी-आजोबांच्या घरातल्या बोलण्यावरून केलेलं. म्हणजे परदेशात येऊन मोडकं बोलणाऱ्या माणसांचंच गाणं, नातवानं लिहिलेलं. आमच्याच गोटातला माणूस. मी चव्वेचाळीस वर्षं त्याचा राग केला. अजूनही गाणं आवडत नाही, ते सोडा.

त्या वेळी दहा वर्षांच्या मुलीला एवढंच कळलं होतं, की चार्टमध्ये न्याय नसतो. आता वाटतं, १९८२ साली मी थोडासा न्याय करून घेतला. ऑडिटर लोक अशी कारणं रोज ऐकतात.

त्या वसंतातली पुढची-मागची पानं चाळली तर हसावं की रडावं कळेना. एप्रिलमध्ये एक आठवडा पहिल्या नंबरवर बक्स फिझचं 'माय कॅमेरा नेव्हर लाइज'. कॅमेरा खोटं बोलत नाही म्हणे. बरोबर आहे, वही बोलते. त्यानंतर तीन आठवडे मॅकार्टनी आणि स्टीव्ही वंडरचं 'एबनी अँड आयव्हरी', पियानोवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या कशा गुण्यागोविंदानं नांदतात ते. आमच्या घरच्या पेटीवरही काळ्या-पांढऱ्याच होत्या. तपकिरी पट्टी मी अजून कुठल्या वाद्यात पाहिलेली नाही. मग जर्मनीच्या निकोलचं 'अ लिटल पीस', युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकून आलेलं. तिकडं फॉकलंडच्या युद्धात जहाजं बुडत होती आणि इकडं देश थोडीशी शांती विकत घेत होता, दुकानात जाऊन, सात इंची रेकॉर्डवर.

'एबनी अँड आयव्हरी' आईच्या हातून गेलं असणार. ती रेकॉर्ड पार्लोफोनची, पार्लोफोन म्हणजे ईएमआय ही रेकॉर्ड कंपनी, आणि ईएमआय म्हणजे हेसचा कारखाना, आई म्हणजे तिथलं पॅकिंग. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तिथंच होत्या. मी वर्गात हे कुणाला सांगितलं नाही. आता विचार केला तर खरी मिरवण्यासारखी गोष्ट ती होती, की टॉप टेनमधली निम्मी गाणी दुकानात जायच्या आधी माझ्या आईच्या हाताखालून जातात. ते सोडून मी चंद्रांच्या घरी मावशी दिली. मी एकदा आईला विचारलं होतं, आज कुठलं गाणं होतं? ती म्हणाली, "आम्ही मोजायचं गं, ऐकायचं कुठं?"

आता विचारण्यात अर्थ नाही. कालही मला तिनं ताई म्हणून हाक मारली.

आई वाईची. पसरणीचा घाट चढून गेलं की पाचगणी. तिथं सेंट पीटर्समध्ये पन्नासच्या दशकात झांझिबारहून आलेला एक पारशी मुलगा बोर्डिंगला होता, फारुख बलसारा. तिथं पियानो शिकला, शाळेतल्या मुलांच्या बँडमध्ये वाजवायचा. पुढं १९६४मध्ये त्याचं कुटुंब इंग्लंडला आलं आणि राहिलं कुठं, तर फेल्टमला, आमच्या घरापासून बसनं जाता येईल इतकं जवळ. तोपर्यंत त्याचा फ्रेडी झालेला होता, मर्क्युरी पुढं झाला. त्याच्या क्वीन या बँडच्या रेकॉर्डी ईएमआयच्या. म्हणजे घाटाखालची बाई घाटावरच्या मुलाचं गाणं पुठ्ठ्याच्या खोक्यात भरत होती आणि दोघांनाही त्याचा पत्ता नव्हता.

आणि वहीत काय आहे? नोव्हेंबर १९८१, पहिला नंबर, 'अंडर प्रेशर', क्वीन आणि डेव्हिड बोवी. दोन आठवडे. मी ते अगदी कोरडेपणानं लिहून ठेवलंय, चांदणीबिंदणी काही नाही. आपला माणूस खराखुरा एक नंबरवर बसलेला, आणि मी सहा महिन्यांनी आपलं कुणी वर जात नाही म्हणून आकडे फिरवतेय! १९८४चं पान मागवलं नाही, पण 'रेडिओ गा गा' दोनवर अडकलेलं मला पाठ आहे, वर 'रिलॅक्स' होतं, बीबीसीनं बंदी घातल्यावर आणखीच खपलेलं. तेव्हाही मी फ्रेडीसाठी पेन उचललं नाही. मिशी होती, पण साडी नव्हती ना.

साडेअकराला दादाचा फोन आला. खोकी बांधून झाली म्हणाला, घराचा एजंट गुरुवारी येणार. मी त्याला बाराचे चार सांगितले. तो इतका हसला की वहिनी उठली. मग म्हणाला, "अगं, रेकॉर्ड कंपन्या हेच करायच्या." ते मलाही माहीत आहे. १९८२च्या अखेरीपर्यंत ठरावीक दुकानांमध्ये विक्रीची वही असायची, दुकानातलं माणूस हातानं नोंदी करायचं आणि त्यावरून देशाचा चार्ट बनायचा. कुठली दुकानं ते गुपित, आणि गुपित सगळ्यांना ठाऊक. कंपन्यांची माणसं तिथंच जाऊन आपल्याच रेकॉर्डी विकत घ्यायची, नाहीतर दुकानदाराला खूश ठेवायची. १९८३च्या जानेवारीपासून गॅलप या पाहणी कंपनीनं दुकानात यंत्रं बसवली. म्हणजे मी पेन्सिलीच्या जमान्यातली शेवटची चोर.

"आणि साउथॉलच्या कॅसेटी कुणी मोजल्या?" दादा म्हणाला. साउथॉल म्हणजे हेसशेजारची पंजाबी वस्ती. हे तो दर दिवाळीला म्हणतो, पण या वेळी मी ऐकलं. अलाप, हीरा, ती सगळी भांगडा मंडळी, तिथल्या ब्रॉडवे रस्त्यावरच्या दुकानांतून, किराण्याच्या काउंटरवरून, साड्यांच्या दुकानातून ढिगानं खपायची. आमच्या शेजारच्या लग्नात दुसरं काही वाजलेलं मला आठवत नाही. ती दुकानं चार्टच्या यादीतच नव्हती. मग देशात काय खपतंय ते सांगणारा तो कागद तरी कितीसा खरा? तुझ्या वहीएवढाच, दादा म्हणाला.

दादाचं हे नेहमीचं आहे, मला सोडवायला जगाला गुन्हेगार ठरवायचं. लहानपणी फुटलेल्या कपांबाबतही तेच.

पण मग मला 'व्हिएन्ना' आठवलं. तीसेक वर्षांनी बीबीसीच्या रेडिओ टूनं आणि ऑफिशियल चार्ट्स कंपनीनं मिळून लोकांची मतं घेतली, दोनवर अडकलेल्या गाण्यांतलं कुठलं एकवर जायला हवं होतं? 'व्हिएन्ना' जिंकलं आणि त्याला मानाचा पहिला नंबर देऊन टाकला. खुद्द चार्टवाल्यांनी! मी केलं ते अकराव्या वर्षी, एकटीनं, मतदान न घेता. फरक कार्यपद्धतीचा.

शीला चंद्राचं पुढं काय झालं ते मघाशी वाचत बसले. तिनं ते चमचमतं पॉप सोडलं, नुसत्या आवाजावर गायली, खूप सुंदर. मग तोंडाच्या एका दुखण्यानं गाणंच काय, बोलणंही अवघड झालं, थांबावं लागलं. आणि तिनं पुस्तक लिहिलंय, घरातला पसारा कसा आवरावा यावर. दादाला सांगितलं तर म्हणाला, तुझ्या मावसबहिणीला म्हणावं गुरुवारच्या आत हेसला ये.

म्हणजे मावसबहिणीचं दादाला माहीत होतं. मी कधी सांगितलं त्याला? की ते शाळाभर झालं होतं?

विचारलं नाही. फोन ठेवल्यावर त्यानं आणखी एक फोटो पाठवला, पुढच्या आठवड्याचं पान. तेच जांभळं पेन, पुन्हा चाळीस गाणी. एकेक ओळ तपासली. सगळे आकडे खरे आहेत. 'एव्हर सो लोनली' आपल्या खऱ्या जागी, चांदणी नाही, काही नाही. एकाच आठवड्यात इतकी घसरगुंडी त्या वर्षी दुसऱ्या कुठल्याच गाण्याची झाली नसेल.