चाळीस मिनिटांत सहा जगज्जेतेपदं

रविवार, रात्री

आज एक चमत्कारिक हिशेब मांडून पाहिला. न्यूझीलंडचा स्पीडवे रायडर आयव्हन मेजर (मेजर हे आडनाव, हुद्दा नव्हे) सहा वेळा जगज्जेता झाला: १९६८, १९६९, १९७०, १९७२, १९७७ आणि १९७९. स्पीडवे म्हणजे मातीच्या लंबगोल ट्रॅकवरच्या मोटरसायकलच्या शर्यती. त्या काळी जागतिक फायनल एकाच बैठकीत उरकायची. सोळा रायडर, वीस शर्यती, प्रत्येकाच्या वाट्याला पाच. एका शर्यतीत चौघे, फेऱ्या चार. पहिल्याला तीन गुण, मग दोन, मग एक, आणि शेवटच्याला भोपळा. शर्यत मिनिट-सव्वा मिनिटात खल्लास. सहा फायनलच्या तीस शर्यती आणि १९७२ साली बरोबरी सुटावी म्हणून झालेली एक, अशा एकतीस. म्हणजे सहा जगज्जेतेपदांसाठी हा गडी ट्रॅकवर होता जेमतेम चाळीस मिनिटं. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये एवढ्या वेळात मी भोसरीहून घरीसुद्धा पोचत नाही.

हिशेब डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलो.

स्पीडवेची गाडी पहिल्यांदा पाहिली की कारखान्यात जन्म गेलेल्या माणसालाही वाटतं, असेंब्लीत कुणीतरी अर्धे पार्ट विसरलंय. ५०० सीसीचं एक सिलिंडर, एकच गिअर, ब्रेक नाहीत. विसरलेले नाहीत, मुद्दामच नाहीत. चौघे एकमेकांना खेटून वळत असताना पुढच्याने ब्रेक दाबला तर मागचे थेट त्याच्या अंगावर. इंधन मिथेनॉल, आणि जुन्या काळी इंजिनात एरंडेलापासून बनवलेलं तेल. त्या जळक्या एरंडेलाच्या वासासाठी लोक स्टेडियमात येत, असं जुने शौकीन सांगतात. आमच्या पिढीला एरंडेल म्हटलं की आजीने नाक दाबून पाजलेला चमचा आठवतो, त्यामुळे ही आवड मला जरा जड जाते.

वळणं सगळी डावीकडची. डाव्या बुटाला पोलादी तळ बांधलेला, तो जमिनीवर घासत ठेवायचा. थ्रॉटल पिळून मागचं चाक घसरवायचं, पुढचं चाक उजवीकडे वळवायचं आणि गाडी मात्र डावीकडे काढायची. पण मेजरची खरी शर्यत याच्याही आधी सुरू व्हायची. स्टार्टला समोर आडव्या फिती ताणलेल्या असतात. त्या वर उडाल्या की सुटायचं. आधी गाडी फितीला लागली तर शर्यतीतून बाद. मेजर आपल्या जागेवर आला की आधी खाली बघायचा. भुसभुशीत माती बुटाने बाजूला सारून, मागच्या चाकाला घट्ट पकड मिळेल अशी जागा करून घ्यायचा. मग क्लच दाबलेला, इंजिन किंचाळतंय, छाती हँडलवर झुकलेली, कारण वजन मागे राहिलं तर पुढचं चाक आभाळाकडे. फिती उडाल्यावर पहिल्या वळणात जो आधी शिरला त्याला समोर मोकळा रस्ता, बाकीच्या तिघांना तोंडावर माती. आपण पहिला की माती खाणारा, याचा निकाल बऱ्याचदा दोन-तीन सेकंदांतच लागलेला असतो.

म्हणून काहींना तो कंटाळवाणा वाटायचा. स्टार्ट मारतो आणि निघून जातो, त्यात बघायचं काय? मला हे पटत नाही. जी गोष्ट शर्यतीआधी पक्की करता येते ती शर्यतीत नशिबावर का सोडायची? गाडीची तयारी, इंजिनाचं ट्यूनिंग, ट्रॅकचा अंदाज, सगळ्याचा त्याने धंद्यासारखा विचार केला. आज प्रत्येक खेळाडू हेच करतो, तेव्हा ते लोकांना रुक्ष वाटायचं.

सुरुवात मात्र साफ फसली होती. कोवळ्या वयात लग्न करून १९५७ साली तो बायकोला, रेला, घेऊन क्राइस्टचर्चहून इंग्लंडला गेला. लंडनमधल्या विम्बल्डनच्या स्पीडवे संघात नाव होतं, पण शर्यती फारशा मिळेनात. संघाच्याच प्लाऊ लेनच्या ट्रॅकवर देखभालीची मजुरी करत दिवस काढले, आणि शेवटी गाशा गुंडाळून परत. पुढची काही वर्षं न्यूझीलंड-ऑस्ट्रेलियात घासली. १९६३ साली पुन्हा इंग्लंड गाठलं ते न्यूकॅसलकडून, दुय्यम दर्जाच्या लीगमध्ये. तिथून पाच वर्षांत स्वीडनमधल्या गॉथेनबर्गला जगज्जेता, पाचपैकी पाच शर्यती जिंकून. यशस्वी माणसांच्या चरित्रात असली हालअपेष्टा नंतर छान दिसते. पण रेच्या बाजूने विचार केला की मला ती तितकी छान वाटत नाही. नवऱ्याचं काही जमेलच याची तिला कुणी हमी दिली होती?

क्राइस्टचर्चचं पाणीच वेगळं असावं. रॉनी मूर दोनदा, बॅरी ब्रिग्ज चारदा आणि मेजर सहादा: एका मध्यम आकाराच्या शहरात मिळून बारा जगज्जेतेपदं! यातला मूर तर मौत का कुआँवाल्यांच्या घरातला. वडिलांचा खेळ होता, पोरगाही त्या लाकडी विहिरीत गाडी फिरवायचा. आपल्याकडच्या जत्रांत हा खेळ करणाऱ्यांना असा ट्रॅक कधी मिळाला नाही, हे आज पहिल्यांदा मनात आलं आणि टोचलं.

१९७० साली पोलंडमधल्या व्रोत्स्वाफमध्ये मेजरने सलग तिसरं जगज्जेतेपद घेतलं. दुसरा आणि तिसरा, दोघेही घरच्या मैदानावरचे पोलिश. त्यांच्या पब्लिकसमोर पुन्हा पंधरापैकी पंधरा. दोघा अमेरिकनांनी आधीच शब्द दिला होता की तिसरं जिंकलास तर तुझी गाडी सोन्याने मढवू. त्यांनी तो पाळला. ती सोनेरी गाडी क्राइस्टचर्चच्या कँटरबरी म्युझियममध्ये ठेवली गेली. मला विचाराल तर गाडीचं वाटोळं केलं. धावायची वस्तू ती, तिला देव्हाऱ्यात बसवायचं कशाला!

मला जास्त गंमत ओले ओल्सेनच्या गोष्टीत वाटते. हा डॅनिश पोरगा मेजरच्याच ट्रेनिंग स्कूलमध्ये आला, मेजरनेच त्याला न्यूकॅसलच्या संघात आणलं. १९७१ साली गॉथेनबर्गला जगज्जेता ओल्सेन, दुसरा मेजर. पुढच्या वर्षी वेम्बलीत मेजरने ते परत खेचून घेतलं, तेही स्वीडनच्या बर्न्ट पेर्सनशी बरोबरी झाल्यावर निर्णायक शर्यतीत. ओल्सेन पुढे आणखी दोनदा जिंकला. आमच्या लाइनमध्ये हाताखालच्या पोराला मशीनची खरी खुबी सांगताना सीनियर लोक कसे आखडता हात घेतात ते मी रोज बघतो. मेजरने काय राखून ठेवलं असेल कुणास ठाऊक, पण जे शिकवलं ते कमी नक्कीच नव्हतं.

पोलंडमधल्या खोजूफची १९७३ ची फायनल वाचताना अजून पोटात गोळा येतो. लाखाच्या वर पोलिश प्रेक्षक, आणि येझी श्चाकिएल नावाचा कुणाच्या गणतीत नसलेला घरचा गडी मेजरच्या बरोबरीने तेरा गुणांवर. निर्णायक शर्यत. श्चाकिएल आधी सुटला. पुढे काढण्याच्या नादात मेजर त्याच्या मागच्या चाकाला भिडला आणि आडवा झाला. पोलंडला पहिला जगज्जेता मिळाला. सगळं आधी पक्कं करणारा माणूस त्या एका क्षणी घाईला आला, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच तो मला जवळचा वाटतो.

१९७९ ची फायनल पुन्हा खोजूफलाच. चाळिशीला महिना उरलेला, मागे पोरासोरांची फौज. चौदा गुण, जगज्जेता. दुसरा आला तो पुन्हा एक पोलिश, झेनॉन प्लेख, एका गुणाने.

शेवटच्या वर्षांत त्याला स्मृतिभ्रंशाने गाठलं. २०१८ च्या एप्रिलमध्ये ऑस्ट्रेलियात, गोल्ड कोस्टला तो गेला.

आता सहाच्या आकड्यावर तो एकटा नाही. स्वीडनचा टोनी रिकार्डसन २००५ सालीच तिथे पोचला, आणि पोलंडचा बार्तोश झ्मार्झलिक २०२५ साली. पण १९९५ पासून जगज्जेता ठरतो तो मोसमभर चालणाऱ्या ग्रां प्री मालिकेवर. एक दिवस खराब गेला तर पुढच्या फेरीत भरून काढता येतो. न्याय्य पद्धत हीच, याबद्दल वाद नाही. तरी वर्षातल्या एकाच दिवशी पाच वेळा फितीसमोर उभं राहायचं आणि एक चूक झाली की वर्षभर थांबायचं, या हिशेबाने माझं मत मेजरला. वाद घालायची खुमखुमी आहे, पण घालू कुणाशी? आमच्या शॉपफ्लोअरवर सगळे मोटोजीपीवाल्या रॉसीचे भक्त.